सार्वजनिक शाळा कोणाची?

सकाळीं सात-साडेसातच्या सुमारास ठाकुरद्वाराच्या नाक्यावर पांच मिनिटें उभें राहिलें, तर आजच्या विषयाचें सार तेथेंच दृष्टीस पडतें. खाजगी इंग्रजी शाळांच्या बसगाड्या एकामागून एक येतात, वाड्यांतून आणि चाळींतून निघालेलीं मुलें घेतात आणि दूर कोठें तरी निघून जातात. त्याच वेळीं, त्याच रस्त्यानें, दुसरीं कांहीं मुलें पायींच चाललेलीं असतात. त्यांच्या पाठीवरचीं दप्तरें एकसारखीं असतात, कारण तीं महानगरपालिकेनें दिलेलीं असतात. बसची वाट पाहत उभ्या असलेल्या पालकांना या दुसर्‍या मुलांच्या शाळेचें नांव विचारलें, तर बहुतेकांना तें सांगतां येणार नाहीं. ती शाळा मात्र त्यांच्याच घरापासून हांकेच्या अंतरावर असते आणि तिचा खर्च त्यांनीच दिलेल्या करांतून चालतो.

श्रोतेहो, आपल्या शहरांतली सार्वजनिक शाळा संकटांत आहे, हें आपण वर्तमानपत्रांत अधूनमधून वाचतों. शाळा बंद पडली, पट घटला, इमारत धोक्याची ठरली, अशा बातम्या येतात आणि आपण क्षणभर हळहळतों. परंतु हें संकट नेमकें कशाचें आहे? पैशाचें, शिक्षकांचें, भाषेचें, कीं आणखी कशाचें? याचा थोडा शांतपणें विचार करावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ ठरवूं. जिचा खर्च मुख्यतः लोकांच्या करांतून भागतो आणि जिचा दरवाजा कोणत्याहि मुलाला बंद नसतो, ती सार्वजनिक शाळा. मुंबईंत तिचे दोन प्रकार आहेत. एक महानगरपालिकेची शाळा. दुसरी खाजगी संस्थेनें चालविलेली, पण शिक्षकांच्या पगारासाठीं सरकारी अनुदान घेणारी शाळा. गिरगांवांतल्या ज्या जुन्या मराठी शाळांचीं नांवें घराघरांत आदरानें घेतलीं जातात, त्या बहुतेक या दुसर्‍या प्रकारांत मोडतात. दोन्ही प्रकारांचें भवितव्य आज एकाच धाग्यानें बांधलेलें आहे.

या गिरगांवाचा इतिहास पाहिला, तर सार्वजनिक शिक्षणाची कल्पना येथें सरकारनें वरून आणून ठेवली असें दिसत नाहीं. १८४८ सालीं एल्फिन्स्टन संस्थेंतल्या तरुण मंडळींनीं 'स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. त्या मंडळींत दादाभाई नौरोजी होते. सोसायटीनें मुलींच्या शाळा काढल्या आणि प्रारंभीं हे तरुण स्वतःच तेथें स्वयंसेवक म्हणून शिकवीत. गिरगांवांतल्या शाळेस नाना शंकरशेट यांनीं आपल्या वाड्यांत जागा दिली. मुलींनीं शिकणें हेंच ज्या काळीं निंदेचें कारण होतें, त्या काळीं शहरांतल्या सर्वांत प्रतिष्ठित गृहस्थानें आपलें दार उघडावें, याचा अर्थ आपण नीट ध्यानांत घ्यावा. पुढें याच परिसरांत प्रार्थना समाजाच्या मंडळींनीं कामगारांसाठीं रात्रीच्या शाळा चालविल्या. १९०६ सालीं विठ्ठल रामजी शिंदे यांच्या मिशननें परळला अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठीं शाळा काढली. म्हणजे ज्यांना स्वतःला शिक्षण मिळालें होतें, त्यांनीं तें दुसर्‍यांच्या मुलांना मिळावें म्हणून खटपट केली, हा या शहराचा जुना शिरस्ता होय.

परंतु परोपकारानें सगळ्या मुलांना शाळा मिळत नाहीं, हेंहि त्याच काळांत कळून चुकलें होतें. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत महात्मा फुले यांनीं सरकारला विचारलें कीं, कराचा पैसा शेतकर्‍याच्या घामांतून येतो, मग तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर कां खर्च व्हावा? निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, अशी त्यांची मागणी होती. जवळजवळ तीस वर्षांनीं, १९११ सालीं, नामदार गोखले यांनीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल वरिष्ठ कायदे मंडळांत मांडलें. तें अतिशय बेताचें होतें. ज्या भागांत शाळेंत जाणार्‍या मुलांचें प्रमाण आधींच बरें आहे, तेथेंच सक्ती करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना द्यावा, आणि खर्चाचा एक वांटा संस्थेनें व दोन वांटे सरकारनें उचलावे, इतकेंच त्यांत होतें. तरीहि मार्च १९१२ मध्यें तें १३ विरुद्ध ३८ मतांनीं फेटाळलें गेलें. पुढें विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नानें १९१८ चा मुंबई इलाख्याचा कायदा झाला, १९२० सालीं मुंबई शहरासाठीं स्वतंत्र कायदा झाला, आणि १९२५ सालीं शहराच्या उत्तरेकडील एफ व जी वॉर्डांत, म्हणजे परळ, दादर, वरळी या कामगारवस्तीच्या भागांत, सक्तीच्या शिक्षणास आरंभ झाला.

ही शाळा म्हणजे काय चीज होती, हें एका उदाहरणावरून कळेल. परळच्या चाळींत राहणारे भीमराव आंबेडकर १९०७ सालीं मॅट्रिक झाले ते एल्फिन्स्टन हायस्कुलांतून. ती सरकारी शाळा होती. दरवाजा उघडा असला म्हणजे आंतले सगळे अपमान टळतात असें नव्हे. पण दरवाजाच बंद असता तर पुढची गोष्टच उरली नसती. सार्वजनिक शाळेचें मोल त्या उघड्या दरवाजांत आहे.

आतां आजची स्थिति पाहूं. मुंबई महानगरपालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तामिळ, तेलुगु, कानडी आणि इंग्रजी अशा आठ भाषांतून शाळा चालविते. एवढा संसार सांभाळणारी दुसरी नगरसंस्था क्वचितच सांपडेल. त्यांतल्या मराठी शाळांची स्थिति अशी: २०१० च्या सुमारास त्या ४०० हून अधिक होत्या आणि त्यांत सुमारें एक लाख मुलें शिकत होतीं. दहा-एक वर्षांत शाळा ३०० च्या आंत आल्या आणि मुलें ३५ हजारांच्या आसपास उरलीं. जवळपास दोन-तृतीयांश मुलें गेलीं. तीं गेलीं कोठें?

याचें पहिलें उत्तर वस्तीच्या स्थलांतरांत आहे. १९४७ च्या भाडे-नियंत्रण कायद्यानें चाळींतल्या बिर्‍हाडकरूला संरक्षण दिलें, पण इमारतीची डागडुजी करण्यांत मालकाला कांहीं स्वारस्य उरलें नाहीं. दोन खोल्यांत वाढलेलीं कुटुंबें पुढच्या पिढींत डोंबिवली, ठाणें, बोरिवलीकडे गेलीं. परळ-लालबागेंत १९८२ च्या जानेवारींत सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लाख गिरणी-कामगार उतरले. संपाचा निकाल लागण्यापूर्वीच अनेकांचा संसार गांवाकडे परतला, आणि पुढें गिरण्यांच्या जागीं उंच इमारती उठल्या. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ सालीं ३३ लाख ३८ हजार होती, ती २०११ सालीं ३० लाख ८५ हजारांवर आली. मुलेंच कमी झालीं, तर पट घटणारच. हें कारण खरें आहे, पण पुरेसें नाहीं; कारण मराठी शाळांचा पट लोकसंख्येपेक्षां कितीतरी अधिक वेगानें घसरला आहे, आणि ठाकुरद्वारच्या नाक्यावरच्या बसगाड्या कांहीं रिकाम्या जात नाहींत.

दुसरें कारण इंग्रजीचें. इंग्रजी आल्यावांचून चांगली नोकरी मिळत नाहीं, हा पालकांचा अनुभव आहे, आणि अनुभवाला मूर्खपणा म्हणून चालत नाहीं. परंतु इंग्रजी भाषा शिकणें आणि प्रत्येक विषय इंग्रजींतून शिकणें, या दोन भिन्न गोष्टी आहेत. लहान मुलाला पहिलें वाचन-लेखन त्याच्या घरच्या भाषेंत द्यावें, असा सल्ला युनेस्कोच्या तज्ज्ञांनीं १९५३ सालींच दिला होता. कित्येक मराठी शाळांनीं गणित आणि विज्ञान इंग्रजींतून शिकविण्याची सोय केली. महानगरपालिकेनें २०२० पासून 'मुंबई पब्लिक स्कूल' या नांवाखालीं केंद्रीय मंडळाच्या इंग्रजी शाळा काढल्या, आणि त्यांस पालकांचा प्रतिसादहि मिळाला. म्हणजे पालकांचा राग सार्वजनिक शाळेवर आहे असें नाहीं. त्यांना खात्री हवी आहे. तरीहि मराठी शाळेंतच उत्तम इंग्रजी शिकवून ती खात्री देण्याचा मार्ग मागें पडला, ही खेदाची गोष्ट आहे.

तिसरें कारण सर्वांत कमी चर्चिलें जातें, म्हणून तें जरा विस्तारानें सांगतों. कोणत्या शाळेंत किती शिक्षक असावेत, हें मुलांच्या संख्येवरून ठरतें. याला आपल्याकडे संचमान्यता म्हणतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें प्राथमिक शाळेंत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना तीन शिक्षक, असें किमान प्रमाण आहे. नियम दिसतो न्याय्य. आतां अशी कल्पना करा कीं, पहिली ते चौथीच्या एका शाळेंत ९० मुलें आहेत. तेथें शिक्षक तीन. पुनर्विकासासाठीं शेजारची एक चाळ रिकामी झाली आणि मुलें ६० वर आलीं. शिक्षक झाले दोन. इयत्ता मात्र चारच राहिल्या. आतां प्रत्येक शिक्षकाला एकाच वेळीं दोन इयत्ता सांभाळाव्या लागतात. एका बाजूस पाढे, दुसर्‍या बाजूस श्रुतलेखन. त्यांतच निवडणूक आणि जनगणना आली कीं त्याला त्या कामावर जावें लागतें, कारण हीं कामें त्याला देण्यास त्याच कायद्यानें मुभा ठेविलेली आहे. हें पाहून ज्या पालकांना शक्य आहे, ते आपलीं मुलें काढून घेतात. मुलें आणखी घटतात. शेवटीं पट इतका उतरतो कीं, शाळा दुसरींत विलीन करण्याचा हुकूम निघतो. प्रत्येक पावलावर नियम पाळलेला असतो. कोणीहि शाळा मारलेली नसते. तरी ती मेलेली असते.

या सगळ्यांत पैशाचें काय? खेड्यापाड्यांत पैशाची वाण आहे, यांत संशय नाहीं. कोठारी आयोगानें राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणास द्यावा असें १९६६ सालीं सुचविलें होतें, आणि देशानें तो पल्ला अद्याप गांठलेला नाहीं. पण मुंबईची गोष्ट वेगळी आहे. येथील महानगरपालिकेच्या २०२५-२६ च्या अंदाजपत्रकांत शिक्षणासाठीं जवळजवळ चार हजार कोटि रुपये होते. गणवेश, दप्तर, वह्या, छत्री असें शालोपयोगी साहित्य ती मुलांना फुकट देते. दुपारचें जेवण देते. एवढें असून शाळेवर विश्वास बसत नाहीं, तर उणीव तिजोरींतच आहे असें म्हणतां येणार नाहीं.

माझ्या मतें उणीव आहे ती वाली असलेल्या पालकाची. आपल्या घरांतलें मूल ज्या शाळेंत जातें, तिथें नळाला पाणी नसलें तर आपण दुसर्‍या दिवशीं मुख्याध्यापकांच्या खोलींत जाऊन बसतों. गणिताचा शिक्षक दोन महिने नसला तर अर्ज करतों, वर्तमानपत्राला पत्र लिहितों, वॉर्डाच्या कचेरींत खेपा घालतों. हें सर्व करण्यास वेळ लागतो, भाषा लागते आणि आपलें कोणी ऐकेल असा भरंवसा लागतो. सुशिक्षित कुटुंबांकडे हीं तीन साधनें असतात. त्यांचीं मुलें शाळेंतून निघून गेलीं, तेव्हां हीं साधनेंहि त्यांच्याबरोबर निघून गेलीं. आज जीं मुलें तेथें उरलीं आहेत, त्यांची आई चार घरचीं धुणींभांडीं करते, बाप रखवालदार आहे किंवा भाजीची गाडी लावतो. शिक्षक आला नाहीं हें त्या आईलाहि दिसतें. पण कचेरींत जाण्यासाठीं तिनें एक दिवस खाडा केला, तर त्या दिवसाचे पैसे बुडतात. त्यांतून मार्च २०२२ मध्यें महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढें तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हातीं राहिला. तेवढ्या काळांत शाळेची तक्रार घेऊन जावें, असा निवडून दिलेला नगरसेवकहि नव्हता. दक्षिण मुंबईंतल्या सुशिक्षित घरांत या एका गोष्टीवरून कितीसा गवगवा झाला, हें आपलें आपल्यालाच ठाऊक आहे.

हा विचार कांहीं नवीन नव्हे. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्याच कोल्हापूर भागांतले. त्या आयोगानें शेजारशाळेची शिफारस केली होती. म्हणजे एका वस्तींतल्या श्रीमंत-गरीब सर्व मुलांनीं वस्तीच्या एकाच शाळेंत शिकावें. गरिबाचें मूल वेगळें पडल्यानें त्याचें नुकसान होतें, हें तर खरेंच. पण सुखवस्तु मूलहि आपल्या देशाला अनोळखी राहतें, हा त्या शिफारशीमागचा विचार होता. आपण ती कागदावर ठेविली. फिनलंड या लहानशा देशानें तसला कायदा १९६८ सालीं केला आणि १९७२ ते १९७७ या काळांत तो देशभर अंमलांत आणला. लहानपणींच मुलांच्या दोन वाटा करणारी पूर्वीची पद्धति मोडून सर्वांसाठीं नऊ वर्षांची एकच शाळा तेथें सुरू झाली. शाळा सर्वांची झाल्यावर ती चांगली ठेवणें ही सर्वांची गरज झाली.

आपल्याकडे घटनेंत २००२ सालीं दुरुस्ती होऊन सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचें शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा अंमलांत आला. त्यांत खाजगी शाळांनीं पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांस द्याव्यात, अशी तरतूद आहे. फेब्रुवारी २०२४ मध्यें राज्य सरकारनें असा नियम केला कीं, जवळच सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेस या जबाबदारीतून सूट मिळावी. मुंबई उच्च न्यायालयानें जुलै २०२४ मध्यें तो रद्द केला. त्या वादांत दोन्ही बाजूंनीं एक गोष्ट जणूं गृहीत धरली होती: जवळची सार्वजनिक शाळा ही कोणी आपण होऊन निवडील अशी जागा राहिलेली नाहीं. ही कबुली मला त्या निकालापेक्षांहि अधिक बोलकी वाटते.

यांत पणाला काय लागलें आहे? जगांत २५ कोटींहून अधिक मुलें शाळेबाहेर आहेत, असें युनेस्को सांगते. आपल्याकडे मुलें शाळेंत पोंचलीं, पण शाळेंत बसणें आणि शिकणें एक नव्हे. १९९५ सालीं मुंबईंतल्या झोपडवस्त्यांत काम सुरू करणार्‍या 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकारानें ग्रामीण भारताची पाहणी होते. तिच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणें पांचवींतल्या निम्म्याहून किंचित् कमी मुलांनाच दुसरीच्या पुस्तकांतला उतारा वाचतां आला. जें मूल घरीं पुस्तक पाहत नाहीं, ज्याला शिकवणी परवडत नाहीं, त्याला वाचायला शिकविणारी एकच जागा आहे, आणि ती म्हणजे शाळा. तेथें तें शिकलें नाहीं, तर पुढें त्याला शिकविणारें कोणी नाहीं.

येथें कोणी म्हणेल, "मग आम्हीं आमच्या मुलांचा बळी द्यावा काय?" हा प्रश्न रास्त आहे. आपल्या मुलाला वाईट शाळेंत घालून समाजसेवा करा, असें सांगण्याचा अधिकार कोणालाहि नाहीं, मला तर नाहींच. परंतु मूल दुसर्‍या शाळेंत गेलें म्हणून नागरिकाचें कर्तव्य संपत नाहीं. नाना शंकरशेटांनीं ज्या मुलींना जागा दिली, त्या कांहीं सगळ्या त्यांच्या घरच्या नव्हत्या.

करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. प्रत्येक सरकारी, महानगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळेस कायद्यानें शाळा व्यवस्थापन समिति असते. तिच्यांत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. उरलेल्या जागांत शिक्षक, स्थानिक संस्थेचे प्रतिनिधि आणि स्थानिक शिक्षणप्रेमी यांस वाव आहे. गिरगांवांत सेवानिवृत्त शिक्षक, बँकेंतले अधिकारी, वकील, डॉक्टर यांची वाण नाहीं. त्यांतल्या एकानें एका शाळेच्या समितींत बसावें, बैठकीचें इतिवृत्त वाचावें, रिकाम्या जागेबद्दल पत्र लिहावें, आणि त्या आईचा एक दिवसाचा खाडा वांचवावा. गणेशोत्सवाच्या मंडळांनीं आपल्या वाडींतल्या शाळेचें वाचनालय संध्याकाळीं उघडें राहील अशी व्यवस्था करावी. माजी विद्यार्थ्यांनीं शाळेच्या शतकोत्सवाला जमून जुन्या आठवणी काढाव्या, हें छानच; पण तिच्या पहिलीच्या वर्गांत यंदा किती मुलें आलीं, हेंहि त्याच दिवशीं विचारावें. आणि मत मागायला येणार्‍या उमेदवाराला रस्ता आणि पाणी याबरोबर एक प्रश्न अवश्य करावा: आमच्या वॉर्डांतल्या शाळेंत शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत? ज्याला उत्तर ठाऊक नसेल, त्याला तें घेऊन पुन्हां यायला सांगावें.

एवढ्यानें पट लगेच वाढणार नाहीं. गेलेल्या चाळी परत येणार नाहींत. कांहीं शाळा विलीन कराव्याच लागतील, आणि जेथें दोन अशक्त शाळा मिळून एक सशक्त शाळा होत असेल, तेथें आपणहि हट्ट धरूं नये. मात्र तसें करतांना तेथल्या शेवटच्या मुलाला नवी शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे कीं नाहीं, हें पाहणारें कोणी तरी असलें पाहिजे. भुयारी मेट्रोचें गिरगांव स्टेशन उभारण्यासाठीं जुन्या इमारती पाडल्या गेल्या, तेव्हां त्यांतल्या रहिवाशांनीं आपल्या जागेच्या हक्कासाठीं वर्षानुवर्षें बैठका घेतल्या. शाळेंतल्या मुलांना अशी बैठक घेतां येत नाहीं. ती त्यांच्या वतीनें मोठ्यांनींच घ्यावयाची असते.

तेव्हां श्रोतेहो, येत्या आठवड्यांत वेळ मिळेल तेव्हां आपल्या घराजवळच्या सार्वजनिक शाळेंत एकदां जाऊन यावें, मुख्याध्यापकांना भेटावें आणि त्यांना काय हवें आहे तें विचारावें, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों. नमस्कार.